‘पातेरा जाळा, पर्यावरण वाचवा’ म्हणे!

महिनाभर झाला, एक फॉरवर्ड गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. मथळा ‘पर्यावरणवाद्यांनी लपवलेलं सत्य’, तळाला ‘एक निवृत्त शास्त्रज्ञ’ एवढीच सही. नाव नाही, गाव नाही. मधे सात मुद्दे. असले फॉरवर्ड रोज येतात आणि मी ते न वाचता पुसून टाकते. पण हा सावईवेऱ्याला माझ्या आत्याकडे पोचला. जन्मभर पोफळीच्या आळ्यांत पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, ओढणाऱ्या या बाईने यंदा जानेवारीत कुळागरातला (पोफळीच्या बागायतीतला) पातेरा झाडून काढला, ढीग केला आणि पेटवून दिला. मी फोनवर कळवळले तर म्हणाली, ‘अगो, सायंटिस्टान बरयलां तें!’ (शास्त्रज्ञाने लिहिलंय ते!) मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते, पण ती माझी सही मानणार नाही. म्हणून लिहूनच काढते.

फॉरवर्ड काय म्हणतो ते आधी सांगते, म्हणजे तो शोधत बसायला नको. पातेरा कुजला की मिथेन सुटतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट घातक, म्हणून कुजवण्यापेक्षा जाळणं पर्यावरणाला बरं. जाळल्यावर पानातली सगळी पोषकद्रव्यं राखेत राहतात आणि झाडाला लगेच मिळतात. आपले पूर्वज राब भाजायचे, म्हणजे शेतात फांद्या नि पाला पसरून जाळायचे, ते याचसाठी. पातेरा ठेवला तर वाळवी येते आणि बागायत खाते. जुनी झाडं कार्बन घेणं थांबवतात, ती तोडून नवी लावावीत. खारफुटीचा चिखल हा मिथेनचा कारखाना. आणि विजांमुळे पावसाबरोबर नायट्रोजन उतरतोच, तेव्हा जमिनीला बाहेरून काही घालायची गरज नाही.

राखेचा मुद्दा आधी घेते, कारण खरं नुकसान त्यानेच केलं आहे.

सुकं पान वजनाने जवळजवळ निम्मं कार्बन असतं. उरलेल्यात ऑक्सिजन, हायड्रोजन आणि थोडा थोडा नायट्रोजन, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, गंधक. काडी लावली की यातलं जे जे वायू होऊ शकतं ते वायू होतं. कार्बन गेला, नायट्रोजन गेला, गंधकाचाही बराच भाग गेला. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरसचा मोठा हिस्सा खाली राहतो, त्यालाच आपण राख म्हणतो. म्हणजे ‘सगळी पोषकद्रव्यं राखेत’ हे वाक्य अकरावीच्या मुलाने लिहिलं असतं तर मी त्याला अर्धा गुणही दिला नसता.

भाताच्या पेंढ्यावर हा हिशोब झालेला आहे. आखिम डोबरमान आणि थॉमस फेअरहर्स्ट या भाताच्या पोषणावर काम करणाऱ्या दोघांनी २००२ साली तो एकत्र मांडला. पेंढा जाळला तर नायट्रोजन जवळपास पूर्ण जातो, फॉस्फरस सुमारे २५ टक्के, पोटॅशियम सुमारे २० टक्के आणि गंधक ५ ते ६० टक्के. पेंढा वेगळा आणि पोफळीचं पान वेगळं, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पोटॅशियम आणि फॉस्फरसचे आकडे आग किती भडकली आणि वाऱ्याने किती राख उडाली त्याप्रमाणे खालीवर होतील. नायट्रोजनचं मात्र तसं नाही. तो पेंढ्यात होता की पानात, याने आगीला काही फरक पडत नाही.

आता हे पोफळीच्या भाषेत. शंभर किलो सुक्या पातेऱ्यात ढोबळमानाने एक किलो नायट्रोजन असतो. कासारगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेची पोफळीसाठीची शिफारस आहे झाडामागे वर्षाला १०० ग्रॅम नायट्रोजन, ४० ग्रॅम फॉस्फेट, १४० ग्रॅम पोटॅश आणि त्याशिवाय १२ किलो हिरवा पाला व १२ किलो कंपोस्ट. म्हणजे शंभर किलोंच्या ढिगातून दहा पोफळींचा वर्षाचा नायट्रोजन धुरातून वर गेला. तेवढाच युरियातून परत आणायचा तर दोन किलोंहून जरा जास्त युरिया लागेल. आत्याचा ढीग शंभर किलोंहून बराच मोठा होता, आणि युरिया तिने आयुष्यात कधी घातलेला नाही. शिफारस करणाऱ्यांनी खताच्या जोडीला पाला आणि कंपोस्ट का लिहिलं असेल, याचा त्या निवृत्त शास्त्रज्ञाने विचार करायला हरकत नव्हती.

तो एक किलो नायट्रोजन कुजताना एकाच वर्षात मुळांना मिळतो असंही नाही. सुक्या पानात कार्बन फार आणि नायट्रोजन थोडा. त्यामुळे आधी बुरशी आणि जिवाणू तो स्वतःच्या अंगाला लावतात, ते मेले की सुटतो, पुन्हा कोणीतरी पकडतो, असं चालतं. काजूचं पान तर फारच चिवट, कुजायला खूप वेळ घेतं. फॉरवर्डने नेमका हाच दोष काढला आहे: कुजायला वर्ष, जाळायला पाच मिनिटं.

गोव्यात हा दोष नव्हे, गुण आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. राखेतलं पोटॅश पाण्यात झटकन विरघळतं. जानेवारीत जाळलेली राख पाच महिने उघड्यावर पडून राहणार, आणि पहिल्या चार दणदणीत सरींत तिच्यातलं पोटॅश ओहोळातून न्हंयेला, नदीला, मिळणार. ते धरून ठेवायला मातीत काहीतरी हवं ना! आपली तांबडी जांभ्याची माती पोटॅशियम, कॅल्शियम धरण्यात मुळातच दुबळी. तिच्यातली चिकणमाती केओलिनाइट या खनिजाची, जोडीला लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. या मातीची धरून ठेवण्याची जी काही ताकद आहे ती मुख्यतः कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यातून, ह्युमसमधून येते. ह्युमस पातेऱ्यातून येतं. म्हणजे राखेतलं जे उरलंसुरलं ते तरी जमिनीत टिकायला हवं असेल, तर त्यासाठी जे लागतं तेच आपण जाळून राख केलं.

झाडाकडे बघा. पान गाळण्याआधी ते त्यातला साधारण निम्मा नायट्रोजन आणि फॉस्फरस मागे ओढून घेतं. पान पिवळं पडतं तेव्हा आत ही आवराआवर चाललेली असते. इतकं काटकसरी झाड उरलेलं काही उगाच खाली टाकत नाही. आळ्यात पडलेला पातेरा म्हणजे पोफळीचं पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी. मे महिन्यात घरातलं पुरुमेंत अंगणात आणून कोणी पेटवत नाही.

राबाचा मुद्दा. इथे थोडं मान्य करावं लागतं, मला आवडत नसलं तरी.

कोकणात आणि गोव्यात भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे लावणीच्या रोपांसाठी, राब भाजायची रीत होती, काही ठिकाणी अजून आहे. राख आम्लधर्मी जांभ्याच्या मातीचा आंबटपणा कमी करते, कॅल्शियम आणि पोटॅश देते, आणि त्या तापाने तणाचं बी मरतं. तरवा तणाशिवाय वर येतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांवर कुमेरी चालायची, तिथेही रान जाळून त्या राखेत नाचणी पेरायचे आणि पहिल्या वर्षी पीक जोरात यायचं. ही गोष्ट खोटी नाही. चुलीतली राख माडाच्या मुळात टाकणंही योग्यच. लाकूड रांधण्यासाठी जळलेलंच असतं, ती राख कुठे तरी टाकायचीच.

पण कुमेरीवाले दोन-तीन वर्षांत ती जागा सोडून पुढे का जायचे, हे फॉरवर्ड सांगत नाही. पीक उतरायचं म्हणून. मग त्या जागेवर कित्येक वर्षं रान परत वाढू द्यायचे. जळून गेलेला नायट्रोजन आणि कार्बन ते रान पुन्हा गोळा करायचं. राबही तरव्याच्या इवल्याशा तुकड्यावर भाजायचे, अख्ख्या शेतावर नव्हे, आणि त्यासाठी लागणाऱ्या फांद्या नि पाला दुसरीकडच्या रानातून यायचा. म्हणजे मोठ्या रानाची पोषकद्रव्यं छोट्या तुकड्यावर आणून टाकायची ती युक्ती होती. कुळागर दर वर्षी एकाच जागी उभं असतं. त्याला पडीक ठेवायची सोय नाही आणि त्याच्यासाठी पाला पुरवणारं दुसरं रानही आता राहिलेलं नाही. पूर्वजांचं नाव घ्यायचं तर त्यांनी पुढे काय केलं तेही सांगावं.

मिथेनचा मुद्दा दिसायला सगळ्यांत हुशार, कारण त्यातला आकडा बरोबर आहे. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट, हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१३ च्या अहवालात आहे. बाकी सगळं घसरलेलं.

मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव ऑक्सिजन असलेल्या जागी काम करू शकत नाहीत. पाणी भरलेल्या भातशेतीचा चिखल, गुरांचं पोट, कचऱ्याच्या डोंगराचा आतला भाग, ही त्यांची घरं. भातशेतीतून मिथेन येतो हे खरंच आहे, आणि कुळागराच्या सखल कोपऱ्यात पाणी साचून राहत असेल तर तिथूनही थोडा येईल. पण आळ्यात विखुरलेल्या पातेऱ्यातून वारा खेळतो. तिथे बुरशी, जिवाणू, वाणू, गांडुळं काम करतात आणि बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड. उलट हवेशीर मातीत मिथेन खाणारे जिवाणू असतात. जगभरातली अशी माती मिळून वर्षाला सुमारे तीन कोटी टन मिथेन हवेतून काढून घेते. आणि मिथेन खरोखर कशातून येतो माहीत आहे? धुमसणाऱ्या आगीतून. जानेवारीत दवाने ओलसर झालेला पातेरा भडकत नाही, धुमसत राहतो, आणि त्या पांढऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, बारीक कण आणि हो, मिथेनही असतो. मिथेन टाळायचा म्हणून मिथेन सोडायचा, असा हा उपाय.

माझ्या भाच्याने यावर एक प्रश्न विचारला, तो फॉरवर्डपेक्षा चांगला आहे. कुजलं तरी शेवटी कार्बन डायऑक्साइड, जाळलं तरी तोच, मग हवेला काय फरक? बहुतेक कार्बनाच्या बाबतीत फरक वेळेचाच आहे, हे कबूल. पण सगळ्याच नाही. कुजताना त्यातला थोडा भाग मातीच्या कणांना चिकटून ह्युमस होतो आणि वर्षानुवर्षं, कधी शतकं टिकतो. तो थोडा वाटतो, पण जगातल्या जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात असाच साठत साठत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन जमलेला आहे. हवेत आज आहे तो त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. आणि जो कार्बन कुजताना वर जातो तो जाता जाता गांडुळापासून अळम्यांपर्यंत (रानातल्या खायच्या भूछत्रांपर्यंत) सगळ्यांना पोसून जातो. आगीत तो कोणालाच पोसत नाही.

धुराचं वेगळं सांगायला नको. आमच्या वाड्यावर जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी खोकल्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवून. दंड झालेला माणूस माझ्या पाहण्यात नाही, ती गोष्ट निराळी. आणि २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासह किती डोंगर पेटले होते, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, हे इतक्यात विसरायला झालं असेल तर कठीण आहे. सुक्या दिवसांत डोंगराच्या पायथ्याला ढीग पेटवायला सांगणारा संदेश पुढे ढकलताना हात थोडा तरी थरथरावा.

आता वाळवी. हा मुद्दा मी सगळ्यांत जास्त वेळा वाचला, कारण गोव्यात बसून माणूस असं लिहूच कसं शकतो ते मला कळेना.

आपण रोयणीला, म्हणजे वारुळाला, हात जोडणारी माणसं. सातेरी देवीच्या कित्येक देवळांत गर्भगृहात मूर्तीच्या जागी रोयणच आहे, तिलाच साडी, तिलाच फुलं. ती रोयण कोणी बांधली? वाळवीने. आणि ती कशावर जगते? पडलेल्या काटक्या, सुकं लाकूड, गवत आणि याच पातेऱ्यावर. शेजारच्या देवळात जिला नमस्कार करायचा, तिच्यापासून वाचायला आपलं कुळागर जाळायचं, हे कुठलं शास्त्र?

भारतात वाळवीच्या सुमारे ३०० जाती आहेत, त्यातल्या पिकांना किंवा इमारतींना त्रास देणाऱ्या जेमतेम ३५. बाकीच्या रानाची साफसफाई करतात, आणि तीही अशी की माणसाच्या यंत्राला जमू नये. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन पचवणं फार थोड्या जीवांना साधतं. रोयण बांधणाऱ्या वाळवीलाही ते एकटीने साधत नाही. म्हणून ती चावलेला पातेरा आणि लाकूड आत नेऊन त्यावर एक बुरशी पिकवते. बुरशी लिग्निन फोडते, वाळवी ती बुरशी आणि फुटलेला माल खाते. खालची माती वर आणून ती जे बांधकाम करते त्यात आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पोषकद्रव्यं बहुधा जास्त असतात. रोयण पडून मोडली की ती सगळी आसपास पसरतात. जुनी माणसं पडक्या रोयणीची माती कुळागरात आणून टाकायची, ती उगाच नव्हे.

आणि ही बुरशी कोणती? टर्मिटोमायसिस. पावसाळ्यात रोयणीवर उगवतात त्या अळम्या तिच्याच. गोव्यातले बुरशीशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळम्यांवर आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली आहेत, आणि बेसुमार खुडण्यावरून ते सतत बोलत आले आहेत. व्यापारी पातळीवर तिची लागवड अजून कोणाला साधलेली नाही. वाळवीशिवाय ती उगवत नाही आणि पातेरा-लाकडाशिवाय वाळवी जगत नाही. श्रावणात रस्त्याच्या कडेला पानात बांधलेल्या अळम्यांसाठी गाडी थांबवून न कुरकुरता पैसे मोजणारी हीच माणसं. अळम्यांची शागोती (मसालेदार रस्सा) सुटत नाही, पण अळम्या ज्या पातेऱ्यावर पोसतात तो जळाला तरी चालेल!

अर्धं सत्य इथेही आहे. नव्याने लावलेल्या माडाच्या रोपाला वाळवी लागते, घराच्या वाशांना लागते. म्हणून भिंतीला टेकून पातेऱ्याचा ढीग करू नये आणि कोवळ्या रोपाच्या खोडाला पातेरा चिकटवून ठेवू नये, वीतभर जागा सोडावी. एवढं पुरतं. जाळल्याने वाळवी मरत नाही, कारण तिचं घर जमिनीच्या पोटात खोल. फक्त तिचं मेलेलं अन्न जळतं. शेतातला सुका काडीकचरा साफ झाला की वाळवी उभ्या पिकाकडे वळते, हे शेतकीच्या अभ्यासात नोंदलेलं आहे. म्हणजे आत्याच्या पोफळींना वाळवी लागली तर यंदा लागेल.

जुन्या झाडांचा मुद्दा थोडक्यात संपतो. २०१४ साली नेट स्टीफनसन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ४०३ जातींच्या झाडांची मोजणी ‘नेचर’मध्ये छापली, आणि बहुतेक जातींत झाड जितकं मोठं तितका त्याचा दर वर्षीचा कार्बनाचा घास मोठा, असं निघालं. थोराड झाड पाडून रोप लावलं तर पाडलेल्यातला कार्बन आधी हवेत जातो आणि रोपाला तो परत गोळा करायला काही दशकं लागतात. पूर्ण वाढलेल्या रानाचा एकूण वेग मंदावतो, एवढं खरं. पण आधी साठवलेलं धरून ठेवणं हेही कामच आहे. सत्तरीतल्या निरंकाराच्या रायीत, म्हणजे देवराईत, जाऊन ती ‘निकामी’ झाडं तोडा म्हणायची छाती त्या लेखकाला होईल का, बघायला आवडेल.

खारफुटीवर मात्र थोडं थांबते, कारण हा मुद्दा फॉरवर्ड नसतानाही खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांच्या) गावांत ऐकू येतो.

ओहोटीला चोडणच्या फेरीतून उतरलं की चिखलातून कुजक्या अंड्याचा वास येतो. लोकांना वाटतं हाच मिथेन. मिथेनला वास नसतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तोच मिथेन का कमी आहे ते सांगतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. त्यावर जगणारे, हा वास सोडणारे जिवाणू आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीव दोघांनाही चिखलातलं तेच खाद्य लागतं, आणि सल्फेट असेतो पहिले दुसऱ्यांना ते मिळू देत नाहीत. पावसाळ्यात मांडवीला गोडं पाणी आलं की, आणि नदीच्या वरच्या गोड्या भागात, मिथेन वाढतो. पण त्या बदल्यात चिखलात काय साठतं ते पाहा. डॅनिएल डोनाटो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हिंद आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवरच्या २५ खारफुटी जंगलांत मोजलं तर हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला, त्यातला मोठा भाग मातीत. त्यात गोवा नव्हता, पण बिनऑक्सिजनच्या खाऱ्या चिखलात पान सावकाश कुजतं हे सगळीकडे सारखंच. तो चिखल उकरला की शेकडो वर्षांचा साठा हवेला लागतो.

खाजनवाल्या शेतकऱ्याची तक्रार मात्र खोटी नाही. मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार) मोडली, बांध फुटला, खारं पाणी कोरगुट भाताच्या शेतात आलं, दोन-तीन वर्षांत तिथे खारफुटी उगवली, आणि मग कायद्याने तिला हात लावता येत नाही. हा राग योग्य आहे. पण तो बांध वेळेवर न बांधणाऱ्यांवर काढायला हवा. बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला उभी असलेली खारफुटी लाटेचा मार आधी स्वतः घेते. ती कापली तर पुढचा बांध लवकर फुटेल.

राहिला विजांचा नायट्रोजन. वीज हवेतला नायट्रोजन जोडते आणि तो पावसाबरोबर उतरतो, इथवर बरोबर. किती? जगभरात वर्षाला सुमारे ५० लाख टन. खत कारखाने जोडतात सुमारे १२ कोटी टन. ते ५० लाख टन पृथ्वीवर पसरले तर हेक्टरी सरासरी शंभर ग्रॅम. आपल्याकडे विजा जास्त कडाडतात म्हणून पाचपट धरा, अर्धा किलो झाला. पोफळी हेक्टरी १,३०० च्या आसपास असतात, आणि वर सांगितलेल्या शिफारशीने त्यांना १३० किलो लागतो. फुकटचा नायट्रोजन हवाच असेल तर भात कापल्यावर ओल आहे तोवर शेतात आळसांदे (चवळी) पेरा. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हेच काम कडकडाट न करता करतात, वर आळसांद्यांचं तोंडाकही, म्हणजे कालवणही, होतं.